चांगल्या साडीचा ब्लाऊज कापायच्या आधी मांजरपाटाचा ट्रायल कसा घ्यायचा

लग्नसराई जवळ आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडे घरी ब्लाऊज शिवणाऱ्या प्रत्येकीची एकच पंचाईत असते, साडी पाच-दहा हजारांची, तिच्यातून निघालेला ब्लाऊज पीस जेमतेम ८० सेंटीमीटर, आणि तो एकदा कात्रीखाली गेला की तसाच दुसरा कुठेच मिळत नाही. रोजच्या साडीचं ठीक आहे, बिघडला ब्लाऊज तर फुले मार्केटात जाऊन मॅचिंग टू बाय टू आणता येतं. पण काठ, जरी, बुट्टे सगळं त्याच पीसमधे असलं तर चुकायला जागाच नसते. म्हणून भारी कापडाला हात लावायच्या आधी साध्या मांजरपाटावर, म्हणजे कोऱ्या सुती कापडावर, अख्खा ब्लाऊज शिवा, अंगात घाला, त्याच्यावर पेनाने रेघा मारा, कापा, ठिगळं लावा, काय वाट्टेल ते करा, आणि ते सगळं पेपर कटिंगवर (ब्लाऊजच्या भागांच्या कागदी नमुन्यावर) उतरवून मगच साडीच्या पीसकडे वळा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "माझ्याकडे मापाचा ब्लाऊज आहे ना". असू दे. तो मापाचा ब्लाऊज दोन वर्षं घालून, धुऊन, काखेत ताणून बसलेला असतो आणि त्याच्यात ज्या खोडी आहेत त्या नव्या ब्लाऊजमधे जशाच्या तशा उतरतात. टेपने मापं घेतली तरी टेप फक्त घेर सांगतो. दोन बाया, दोघींची छाती ३६, एकीची पाठ रुंद आणि पुढे कमी, दुसरीची पाठ चिंचोळी आणि पुढे भरलेली, टेपवर आकडा एकच आला पण दोघींना एक ब्लाऊज बसेल का? नाही बसणार. खांदा उतरता आहे का सरळ, पाठीला कमरेजवळ खोलवा आहे का, एक खांदा खाली आहे का (पर्स, हंडा, लेकरू सतत एकाच बाजूला घेतलं की होतंच), हे टेपला कळत नाही, कापडाला कळतं.

कापड कोणतं घ्यायचं ते आधी. मांजरपाट सगळ्यात सोयीचं, स्वस्त असतं, ताणत नाही आणि पेनाची रेघ त्याच्यावर नीट उमटते. फक्त कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती तशीच ठेवली तर कापड पत्र्यासारखं उभं राहतं आणि खोट्या सुरकुत्या दाखवतं, त्यामुळे रात्री पाण्यात भिजत टाका, सकाळी चोळून धुवा, वाळवा, इस्त्री करा. आमच्याकडे उन्हाळ्यात तासाभरात वाळतंय, त्याची काळजी नको. एका ब्लाऊजला बाह्यांसकट मीटरभर पुरतं, पन्हा ३६ इंचाचा असला तरी. अंगाने भरलेल्या बाईसाठी किंवा लांब बाहीसाठी सव्वा मीटर घ्या, म्हणजे ठिगळांनाही कापड उरतं.

मांजरपाट नसेल तर जुनी सुती चादर चालते, पण मधला झिजलेला भाग नको, कडेचा घ्या. जुनी मऊ झालेली सुती साडी मी घेत नाही, ती इतकी सैल पडलेली असते की तिच्यात सगळंच छान बसतं आणि मग सिल्कमधे श्वास घ्यायची मारामार. होजिअरी, लायक्रा, लेगिंगचं ताणणारं काहीही चालणार नाही. खरा ब्लाऊज जॉर्जेट, शिफॉनसारख्या लुळ्या कापडाचा असेल आणि अस्तराशिवाय शिवायचा असेल तर ट्रायलला मलमल घ्या. ब्रोकेड, पैठणी, कांजीवरम अशा अंग धरून बसणाऱ्या कापडाला मांजरपाट किंवा पॉपलिन बरोबर.

एक शॉर्टकटही सांगून टाकते, कारण दर वेळी वेगळं मांजरपाट कोण आणणार. अस्तराचा ब्लाऊज असेल तर अस्तरच आधी कापा, मोठ्या टाक्याने जोडा, घालून बघा, दुरुस्त करा आणि मग उसवून त्याच अस्तरावरून वरचं कापड कापा. मधल्या दर्जाच्या साड्यांना हे पुरेसं आहे. पण अस्तर आधी भिजवून आटवलेलं पाहिजे हं, नाहीतर पहिल्या धुण्यात आत अस्तर आटतं, वर सिल्क तसंच राहतं, आणि अख्ख्या ब्लाऊजला चुण्या पडतात. आणि या पद्धतीत फक्त कमी करता येतं, माया (शिलाईच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) आहे तेवढंच वाढवता येतं. पहिल्यांदाच कुणाचं माप घेताय, किंवा पॅटर्नच नवीन आहे, प्रिन्सेस कट पहिल्यांदा करताय, तर मांजरपाटच.

आता कटिंग. इथे मी चार टकचा (टक म्हणजे कापडाला आकार द्यायला शिवलेली निमुळती चिमटी) ब्लाऊज धरून सांगते, कटोरीचं आणि प्रिन्सेसचं तत्त्व तेच आहे, टक शिलाईत लपलेला असतो एवढाच फरक. पेपर कटिंग मांजरपाटावर ठेवताना उभा धागा उभाच आला पाहिजे, किनार फाडून टाकलेली असेल तर कापडाला छोटा काप देऊन हाताने फाडा, फाटलेली कड धाग्यात सरळ असते. धागा तिरपा गेला तर एक बाजू ओढली जाते आणि तुम्ही उगाच त्या बाईच्या खांद्याला दोष देत बसता.

माया सढळ ठेवा. खांद्याला १ इंच, बाजूच्या शिलाईला १ ते दीड इंच, खाली कमरेला १ इंच, पुढे हुकपट्टीच्या जागी मधल्या रेघेच्या पुढे दीड इंच, म्हणजे हुक न लावता टाचण्यांनी बंद करता येतं. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाईला, अर्धा इंच पुरे. गळा मात्र खोल कापू नका, पुढचा-मागचा दोन्ही. मागे ८ इंच खोल गळा हवा असला तरी ट्रायलला ३-४ इंचच कापा. गळा मोठा कापला की खांदे सैल सुटतात आणि मग खांदा चुकलाय का गळ्यामुळे घसरतोय ते कळत नाही.

शिवायच्या आधी बॉलपेनने काही रेघा मांजरपाटावर काढून घ्या, खडू पुसला जातो. पुढची मधली उभी रेघ, पाठीची मधली उभी रेघ, छातीची आडवी रेघ पुढे-मागे दोन्हीकडे, कमरेची आडवी रेघ, आणि टक जिथे रोखून आहेत तो पॉइंट, म्हणजे छातीचा सगळ्यात पुढे आलेला बिंदू. उजवा, डावा, पुढचा, मागचा असं सरळ लिहून टाका कापडावर. हे कंटाळवाणं वाटतं पण ट्रायलची खरी मजा या रेघांतच आहे, अंगात घातल्यावर आडवी रेघ जमिनीला समांतर राहिली नाही तर काहीतरी कमी किंवा जास्त आहे हे तिथल्या तिथे दिसतं.

शिलाई मशीनवर सगळ्यात मोठा टाका ठेवा आणि दोरा लाल नाहीतर निळा वापरा, उसवताना डोळे फुटत नाहीत. गळ्याच्या कडेला मात्र साध्या टाक्याने एक धाव मारा, म्हणजे गळा ताणून मोठा होत नाही. पिको, पायपीन, हुक, पट्टी काही नाही. बाह्या कापून ठेवा, जोडू नका.

घालताना ज्या ब्रावर तो ब्लाऊज घालणार तीच ब्रा हवी, याच्यावर मी कुणाचंही ऐकत नाही. पॅडेड आणि साध्या ब्रामधे टकचा पॉइंट एकेक इंच वरखाली होतो. सकाळी उपाशीपोटी ट्रायल घेऊ नका, जेवण झाल्यावर घ्या. लग्नात कोण उपाशी बसतं? आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असतो, घामाने कापड अंगाला चिकटतं, त्या दिवसांतलं कार्य असेल तर काखेत आणि छातीला थोडी हवा ठेवायची हे तेव्हाच ठरवून टाका, डिसेंबरात घेतलेला चापूनचोपून ट्रायल अखाजीला (अक्षय तृतीयेला) नको होतो.

मधल्या रेघेवर रेघ ठेवून टाचण्या लावा, टाचणी आडवी लावा, उभी नको. मग बाईला सरळ, नेहमीसारखं उभं राहू द्या. ट्रायल म्हटलं की बाया ताठ होतात, पोट आत घेतात, श्वास धरतात. बोलत ठेवा तिला, घरचं विचारा, लग्न कुठल्या गावाला आहे विचारा, दोन मिनिटांत शरीर आपल्या जागेवर येतं. स्वतःचाच ट्रायल असेल तर आरशात मान वळवून पाठ बघू नका, मान वळली की कापड वळतं. मोबाईल डब्याला टेकवून टायमर लावा आणि पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. फोटोत ज्या सुरकुत्या दिसतात त्या आरशात दिसत नाहीत, खरंच करून बघा.

आणि आता लगेच टाचणी हातात घ्यायची नाही. आधी फक्त बघायचं. काख आवळत असेल तर मुंढ्याच्या मायेला छोटे काप द्या, शिलाईच्या रेघेपर्यंत, कारण तिथली माया अडकली की अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो आणि सगळ्या सुरकुत्या खोट्या दिसतात. मग वरून खाली बघत या. आडव्या ताणलेल्या सुरकुत्या म्हणजे तिथे रुंदी कमी पडतेय. उभा झोळ म्हणजे रुंदी जास्त आहे. आडवी लोंबती घडी पडली असेल तर तिथे उंची जास्त आहे. तिरपी सुरकुती असेल तर ती जिथून निघते आणि जिथे जाते त्या दोन टोकांपैकी एकीकडे घोळ आहे, बहुतेक वेळा खांदा नाहीतर छाती.

सुरुवात नेहमी खांद्यापासून करा, कारण ब्लाऊज लटकतो खांद्यावर आणि खांदा दुरुस्त केला की खालच्या अर्ध्या सुरकुत्या आपोआप जातात. मानेजवळून काखेकडे तिरपा झोळ येत असेल तर त्या बाईचा खांदा पेपरपेक्षा जास्त उतरता आहे. खांद्याच्या टोकाला चिमटीत कापड धरा, टाचणी लावा आणि मानेकडे येता येता शून्य करा. झोळ जाईल. पण याच्यानंतरचं काम बऱ्याच जणी विसरतात, खांदा टोकाला जेवढा खाली आला तेवढा मुंढा लहान झाला, तर खाली काखेत मुंढा तेवढाच खोल करायचा, नाहीतर काख कापते. उलटं, मानेखाली पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवी घडी येत असेल तर खांदा सरळ आहे, खांद्याची शिलाई टोकाकडून उसवा, कापड आपोआप जेवढं उघडेल तेवढं उघडू द्या, मायेतून तेवढं सोडा आणि मुंढाही तेवढाच वर घ्या. एक खांदा खाली असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या दुरुस्त करा, सरासरी काढू नका.

खांद्यानंतर छाती. इथे थोडं थांबूया कारण सगळ्यात जास्त ब्लाऊज इथेच फसतात. आधी पॉइंट बघा, टक पॉइंटकडे रोखून पाहिजेत पण पॉइंटच्या अर्धा ते एक इंच आधी संपले पाहिजेत, भरलेल्या अंगाला अजून थोडे आधी. टक पॉइंटच्या वर किंवा खाली रोखून असतील तर नुसती पेनाने खरी जागा फुलीने दाखवा, टक नंतर पेपरवर सरकवता येतात. दोन्ही पॉइंटमधलं अंतरही टेपने मोजून तिथेच कापडावर लिहून ठेवा.

मग ताण. टाचण्यांच्या मधून कापड फाकतंय, पॉइंटपासून काखेकडे आणि खाली बाजूच्या शिलाईकडे सुरकुत्या सूर्याच्या किरणांसारख्या पसरल्यात, तर पुढच्या भागात कापड कमी आहे. इथे बहुतेक जणी बाजूची शिलाई सोडून मोकळं करतात आणि मग छाती बसते पण पाठ सैल होते, काखेत फुगा येतो, आणि बाई म्हणते ब्लाऊज ढगळा झाला. कमी पुढे आहे ना, मग पुढेच घाला. ट्रायल कशासाठी आहे, लावा कात्री. खालचा आणि बाजूचा टक उसवा, खालच्या कडेपासून पॉइंटपर्यंत सरळ वर कापत या, तिथून मुंढ्याकडे तिरपं कापा पण मुंढ्याच्या शिलाईच्या रेघेला थोडंसं जोडलेलं ठेवा, आणि बाजूच्या शिलाईकडूनही पॉइंटपर्यंत एक आडवा काप घ्या. आता कापड आपणहून उघडतं. अंगावर जेवढं उघडलं तेवढंच उघडू द्या, ओढू नका. खालून मांजरपाटाचा तुकडा सरकवा, चारी बाजूंनी टाचा. पॉइंटजवळ फट अर्धा इंच पडली तर एका बाजूला अर्धा इंच वाढला, दोन्ही मिळून घेर १ इंचाने वाढला. कमरेला आणि बाजूला जी जास्तीची फट पडेल ती टकमधे जाते, म्हणजे तुमचे खालचा आणि बाजूचा टक मोठे झाले. हुकपट्टीकडचा तुकडा खाली थोडा आखूड पडेल, तोही ठिगळ लावून खालच्या रेघेला आणा. हे पहिल्यांदा करताना छातीत धस्स होतं, नवा शिवलेला ब्लाऊज अंगावर कापायचा म्हणजे काय, पण याच्यासाठीच तर मांजरपाट आणलंय.

उलट, मुंढ्याजवळ पुढे कापड सुटून उभं राहत असेल, बोट सहज आत जात असेल, तर मुंढ्याचा टक तेवढा खोल घ्या. बाजूला खेचून ते जात नाही.

पाठीला बघा. कमरेच्या वर आडवी घडी पडून बसत असेल तर पाठीला खोलवा आहे, मधे चिमटीत धरून टाचा आणि बाजूच्या शिलाईपर्यंत शून्य करत न्या. हात पुढे केल्यावर दोन्ही मुंढ्यांमधे पाठ ताणली तर पाठीची रुंदी वाढवायची. बस, पाठीचं एवढंच.

बाजूची शिलाई सगळ्यात शेवटी घ्या, आणि इथे हिशोब नीट समजून घ्या. चिमटीत धरून शिलाईपासून पाव इंचावर टाचणी लावली तर पुढून पाव आणि मागून पाव, म्हणजे एका बाजूला अर्धा इंच गेला, दोन्ही बाजू मिळून १ इंच. ३८ चा तयार घेर ३७ झाला. पेपरवर उतरवताना मात्र पुढच्या भागाला पाव आणि मागच्या भागाला पाव एवढंच कमी करायचं. कुणी इथे अर्धा-अर्धा कमी करतं आणि मग घेर ३६ होऊन बसतो, हुकच लागत नाही. किती सैल ठेवायचं? अंगाच्या मापापेक्षा एकूण दीड ते दोन इंच जास्त, तरुण मुलींना एक इंच पण चालतं, वयस्कर बायांना दोनच ठेवा. आमच्याकडची एखादी आजी आरशासमोर उभी राहून "इतला घट्ट कसाले व माय?" म्हणाली की समजायचं, अर्धा इंच सोडायचा आहे, वाद घालायचा नाही.

आता हालचाल, आणि हा भाग घाईत सोडू नका. मुंढा खोल केला की हात मोकळा होतो असं वाटतं, होतं उलटं. मुंढा खाली गेला की हात वर करताच अख्खा ब्लाऊज बाहीबरोबर वर येतो आणि खालून पोट दिसतं. मुंढा काखेच्या खाली अर्धा ते पाऊण इंच असला की हात वर जातो आणि ब्लाऊज जागेवर राहतो. त्यामुळे काख टोचतेय म्हणून लगेच खोल कापू नका, आधी पाठीची रुंदी आणि बाहीचा दंड बघा.

हात वर करून बघा म्हटलं की बाया एक हात जरासा उचलतात आणि "ठीक आहे" म्हणतात. खरं काम करायला लावा. अखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीचा ब्लाऊज असेल तर दोन्ही हात वर करून झोक्याची दोरी धरल्यासारखं उभं करा, मागे-पुढे झुकायला लावा. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, उत्सवासाठी असेल तर त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार तेही विचारा. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पसरलेले आणि पुढे उचललेले असतात, मांडा हातावर फिरवत मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा, या सगळ्यात पाठ आणि दंड केवढे ताणतात ते तिलाच माहीत. तशी अ‍ॅक्शन करून दाखवायला सांगा. मग खाली मांडी घालून बसवा, पदर खांद्यावर टाकून बघा, पिन लावतो तिथे खांद्याची पट्टी पुरेशी रुंद आहे का ते बघा.

गळा हे सगळं झाल्यावर. अंगात असतानाच पेनाने काढा, तिने बोटाने दाखवायचं कुठपर्यंत, तुम्ही रेघ मारायची. पुढे वाकवून बघा. पुढचा गळा वाकल्यावर सुटत असेल तर गळ्याच्या कडेला छोटीशी चिमटी घेऊन टाचा, ती चिमटी पेपरवर टकमधे वळवता येते. मागचा खोल गळा टप्प्याटप्प्याने कापा, आधी ५ इंच, मग ६, मग ७, प्रत्येक वेळी खांदा घसरतोय का बघा. घसरायला लागला की तिथे थांबा नाहीतर दोरी-लटकनची तयारी ठेवा.

बाही आधी एकच, टाचण्यांनी नाहीतर कच्च्या धावदोऱ्याने जोडा. बाहीच्या वरच्या गोलाईचं माप मुंढ्यापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त असतं, तेवढं सहज मुरतं, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर वर चुण्या येतात. दंडावर आडवे ताण असतील तर बाहीला मधोमध उभा काप देऊन दंडाजवळ उघडू द्या आणि खालून तुकडा लावा, छातीला केलं तसंच. तिरप्या सुरकुत्या पडत असतील तर बाही थोडी पुढे किंवा मागे फिरवून टाचा, बऱ्याच वेळा नुसत्या तेवढ्याने सरळ होते, पुढे झुकलेल्या खांद्यांना बाहीचा मध्य पुढे सरकवावा लागतोच.

ब्लाऊज काढायच्या आधी प्रत्येक टाचणीच्या दोन्ही बाजूंनी पेनाची रेघ मारा, हे विसरलात तर मघापासूनचं सगळं पाण्यात. रेघा मारल्या की टाचण्या काढा, सगळा ब्लाऊज उसवा, सपाट इस्त्री करा आणि तुकडे पेपर कटिंगवर ठेवा. मूळ कटिंगवर खाडाखोड न करता नवीन पेपर घ्या, ब्राऊन पेपर चांगला टिकतो. मांजरपाटावरच्या नव्या रेघा ट्रेसिंग व्हीलने खाली उतरवा, हाताने काढलेल्या रेघा वाकड्यातिकड्या असतात, पट्टी आणि कर्व्ह लावून नीट करून घ्या. मग मोजा. पुढची आणि मागची बाजूची शिलाई सारखी आहे का, प्रत्येक खांद्याची पुढची आणि मागची शिलाई सारखी आहे का, नवा मुंढा टेप कडेवर उभा धरून मोजल्यावर बाहीशी जुळतोय का. टक कागदावर घडी घालून मिटवा आणि मगच खालची कड कापा, नाहीतर टक मिटल्यावर कड वर-खाली होते. कागदावर नाव, तारीख, कोणत्या ब्रावर घेतला आणि किती सैल ठेवलाय ते लिहा.

किती बदललं यावर दुसरा ट्रायल ठरतो. नुसती बाजूची शिलाई किंवा खांद्याचा पाव इंच असेल तर नको. छाती कापून वाढवली, खांदा आणि मुंढा दोन्ही बदलले, तर पुन्हा एकदा मांजरपाट घ्याच, या वेळी पटकन होतं.

खऱ्या कापडाकडे येताना एकच फरक लक्षात ठेवा, ट्रायल एका थराचा होता आणि हा अस्तरासकट दोन-तीन थरांचा आहे, काठाजवळ तर जाड जरी. त्यासाठी एकूण घेरात पाव इंच जास्त धरा, ब्रोकेड असेल तर अर्धा. सिल्कला बारीक सुई लावा, ११ नंबर, आणि टाचण्या फक्त मायेत लावा, टिश्यू आणि जरीवर टाचणीचं भोक आणि उसवलेल्या टाक्याची खूण जात नाही. आधी अस्तर नव्या पेपरवरून कापा. मग पीसवर काठ कुठे येतो ते बघा, बाहीचा काठ पहिला लावून घ्या, दोन्ही बाह्यांचे बुट्टे एका रेषेत आणा आणि उरलेल्या कापडात पाठ आणि पुढचे भाग बसवा. कापड कमी पडत असेल तर कमरपट्टीच्या आतली बाजू अस्तराची करा, पण बाजूच्या शिलाईची १ इंचाची माया वाचवायला जाऊ नका. लग्नानंतर वर्षभरात ती माया उघडायला बाई परत येणारच.